आधी तेल की आधी पट्टी

लग्न चार दिवसांवर आलेली एक मुलगी पार्लरमध्ये बेडवर बसता बसता म्हणाली, "ताई, आधी मालिश करा ना. अंग सैल पडलं की वॅक्सिंग कमी दुखेल." ताईंनी एकदा हीटरमध्ये पातळ होत आलेल्या वॅक्सकडे पाहिलं, एकदा मुलीच्या आईकडे, आणि तेलाची बाटली उचलली. पॅकेज आईने ठरवलं होतं, पैसे आगाऊ भरले होते, आणि ऐन लग्नाच्या आठवड्यात नवरीला 'नाही' म्हणायची कोणाची छाती होणार? तासभर मालिश झाली. टॉवेलने अंग पुसलं, पावडर टाकली आणि हाताला वॅक्स लावलं. पहिली पट्टी ओढली ती नुसतीच सरकली. वॅक्सचा पिवळा थर अर्धा पट्टीवर, अर्धा हातावर आणि केस जागच्या जागी. त्याच जागेवर पुन्हा वॅक्स, पुन्हा पट्टी. तिसऱ्या ओढीला दंड लालभडक झाला. केस निघाले तेही निम्मेच, बाकीचे त्वचेच्या बरोबरीने तुटले. आईने विचारलं, "वॅक्स जुनं आहे का हो?" ताई काहीच बोलल्या नाहीत.

वॅक्स जुनं नव्हतं. ते तसंच राहून गेलं, कोणी बोललं नाही, आणि ती मुलगी बहुधा आजही त्या वॅक्सलाच दोष देत असेल. मालिश आणि वॅक्सिंग एकाच वेळी उरकणं ही आता सर्रास गोष्ट झाली आहे. रविवारची एकच दुपार मोकळी मिळते, घरी येऊन सेवा देणाऱ्या मुलीही दोन्ही एकत्र घेतलं तर सवलत देतात, पार्लरच्या पॅकेजमध्ये तर या दोन गोष्टी शेजारी शेजारीच छापलेल्या असतात. पण कागदावर शेजारी असलेल्या या दोन गोष्टी अंगावर एकमेकींच्या विरुद्ध वागतात, आणि हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही.

त्या मुलीचं म्हणणं वरवर पाहिलं तर चुकीचं नव्हतंच. ऊब मिळाली की स्नायू सैल पडतात, श्वास खोल होतो, माणूस कमी दचकतो. पण वॅक्सिंगचं दुखणं स्नायूचं नसतं. ते केसाच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंचं आणि वरच्या त्वचेच्या ताणाचं असतं, आणि स्नायू सैल पडल्याने ते फारसं कमी होत नाही. उलट मालिशने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, कातडी गरम आणि किंचित फुगलेली असते, घामही सुटलेला असतो. अशा अंगावर नेहमीच्याच तापमानाचं वॅक्स जास्त चटकतं, लाली जास्त वेळ राहते आणि जिथे कातडी नाजूक असते तिथे, म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्यामागे, काळेनिळे डागही उठू शकतात. शिवाय तासभर शांत पडलेल्या शरीराला पहिल्याच पट्टीला जो झटका बसतो, त्याने मालिशचं सगळं सुख पाच मिनिटांत उतरतं.

आणि हे सगळं तेलाचा विचार न करता.

तेल आधी, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आधी तेल, मग उटणं, मग कढत पाणी. हळदीच्या दिवशी हळद तेलात कालवलेली. बाळंतिणीच्या खोलीत मालिशवाली बाई येते तेव्हा बाळाला आधी तेल चोळते आणि मग डाळीच्या पिठाने किंवा हळद-तेल लावलेल्या कणकेच्या गोळ्याने त्याच्या पाठीवरची, कपाळावरची लव काढते. (ती लव काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप झडते. कोवळ्या कातडीवर गोळा घासायची काही गरज नसते, पण तो वेगळा विषय.) म्हणजे मालिश आणि केस काढणं एकाच बैठकीत करायची कल्पना आपल्या घरांत पार्लरच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिचा क्रम पक्का ठरलेला आहे. त्या पद्धतीत तो क्रम बरोबरच होता. तिथे केस घासून काढायचे असतात, आणि कोरड्या कातडीवर घासलं तर ओरखडे उठतात, म्हणून तेल हवंच. नंतरचं पीठ ते तेल शोषून घेतं आणि जाताना सोबत थोडी लवही नेतं. वॅक्सचं काम मात्र घासण्याचं नाही, धरून ठेवण्याचं आहे. ते केसाला सगळ्या बाजूंनी धरतं, पट्टीला चिकटतं आणि ओढलं की केस मुळासकट येतो. मधे तेलाचा नुसता पापुद्रा आला तरी ही पकड सुटते. आपला हात सवयीने तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि वॅक्सला नेमकी तीच गोष्ट चालत नाही.

यातही कोणतं वॅक्स आहे यावर बरंच अवलंबून असतं. डब्यातलं नेहमीचं हनी वॅक्स किंवा घरी केलेलं वॅक्स म्हणजे मुळात साखर, लिंबाचा रस आणि पाणी. दोन वाट्या साखरेला पाव वाटी लिंबाचा रस आणि पाव वाटी पाणी घेऊन मंद आचेवर सोनेरी-तपकिरी रंग येईपर्यंत आटवायचं. हे पाण्यात विरघळतं. म्हणून त्याला तेल तर चालत नाहीच, घामही चालत नाही. मुंबईच्या जून-जुलैमध्ये पंख्याखालीसुद्धा ते हातावर पातळ होऊन पसरतं आणि पट्टीवर ओलसर चिकटा तेवढा राहतो. पार्लरमध्ये सगळे ज्याला सरसकट 'रिका' म्हणतात, त्या प्रकारच्या वॅक्समध्ये राळेपासून केलेले घटक आणि तेलं असतात. ते पाण्याने निघत नाही, तेलाने निघतं. म्हणूनच शेवटी तेलाचा बोळा फिरवून उरलेला चिकटा काढतात. मग मालिशच्या तेलाने माखलेल्या हातावर हे वॅक्स लावलं तर काय होणार? ज्या तेलाने ते काढायचं, त्याच तेलावर ते लावलं जातं. तिसरा प्रकार कटोरी वॅक्स किंवा बीन्सचं वॅक्स. हे पट्टीशिवाय, जाड थर देऊन, जरासं घट्ट झालं की कडेने उचलून काढायचं. ते केसावर आवळतं, कातडीला कमी चिकटतं. काखेसाठी, वरच्या ओठासाठी, बिकिनीसाठी हेच बरं. गंमत म्हणजे या तिसऱ्या प्रकारात आधी मुद्दाम थोडं तेल लावायची पद्धत आहे. पण किती? तळहाताला दोन-तीन थेंब, तेही जवळपास पुसून टाकलेले, म्हणजे थर कातडी सोडेल आणि केस धरेल. मालिशमध्ये पायालाच दोन-तीन चमचे तेल जिरवलेलं असतं. या दोन मात्रांची गल्लत झाली की थर अख्खाच्या अख्खा हातात येतो आणि केस आहेत तिथेच राहतात.

केस निघाले नाहीत एवढ्यावर भागत नाही. अर्धवट पकडलेला केस मधूनच तुटतो. वरून हात गुळगुळीत लागतो, ग्राहक समाधानाने घरी जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खुंट टोचायला लागतात. चार आठवडे टिकायला हवं ते आठवडाभरही टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे कातडीच्या खाली तुटलेला केस वर येताना वाट चुकतो आणि आतच वळून वाढतो. मांडीवर, पोटरीवर जे काळे ठिपके आणि बारीक गाठी दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा अशा तुटलेल्या केसांच्या असतात. आणि पट्टी सरकली म्हणून त्याच जागी तीन-तीनदा वॅक्स लावलं की प्रत्येक वेळी वरचा एक थर निघतो. केस राहतात आणि कातडी सोलवटते. एका जागी दोनदा, फार तर, आणि तरीही केस राहिले तर चिमटा घ्यावा. हे पार्लर शिकवणारी कोणतीही बाई पहिल्याच आठवड्यात सांगते, पण पॅकेजच्या गडबडीत विसरलं जातं ते हेच.

मग उलट करू, आधी वॅक्सिंग आणि मग त्याच हातापायांवर मस्त मालिश, असं पुष्कळांना वाटतं. ओढीनंतर कातडी कोरडी, भाजल्यासारखी झालेली असते, तिला तेलाचा हात बरा वाटेल अशी मनाची समजूत. पहिली पाच मिनिटं बरंही वाटतं. पण नुकतं वॅक्स केलेल्या पायाकडे नीट जवळून, तिरप्या उजेडात पाहावं. प्रत्येक केसाच्या जागी एक बारीक उंचवटा असतो, भोवती गुलाबी कडं, आणि जाड केस होते तिथे, विशेषतः काखेत आणि नडगीच्या खालच्या भागात, टाचणीच्या टोकाएवढा रक्ताचा लाल ठिपका. केस मुळासकट गेला आहे, त्याची नळी उघडी आहे. पट्टीबरोबर वरच्या मृत पेशींचा थरही गेला आहे, म्हणजे कातडीचं रोजचं संरक्षण काही काळ पातळ झालं आहे. या अवस्थेत चाळीस मिनिटं तेल चोळायचं म्हणजे तळहातावरचे, टॉवेलवरचे, आपल्याच कातडीवरचे जंतू त्या उघड्या नळ्यांत घासून बसवायचे आणि वरून तेलाने झाकून टाकायचे. मालिशची ऊब त्यांना पोषकच. दोन-तीन दिवसांनी पांढऱ्या टोकाच्या पुळ्या उठतात, खाज येते, कधी पू होतो.

आणि इथेच दोष चुकीच्या माणसावर जातो. पुळ्या लगेच आल्या असत्या तर मालिशचा संशय आला असता. त्या दोन दिवसांनी येतात, म्हणून ग्राहक म्हणते, "मला हे वॅक्स सोसत नाही." पुढच्या वेळी ती चॉकलेट वॅक्स घेते, मग ॲलोव्हेरा, मग व्हाइट चॉकलेट, मग सगळ्यांत महागडं. पैसे वाढत जातात, पुळ्या तशाच राहतात, कारण क्रम तसाच राहतो. वॅक्सची खरोखर ॲलर्जी असणाऱ्या बायका असतात. राळेची ॲलर्जी ही खरी गोष्ट आहे आणि त्यात वॅक्स लागलेल्या सगळ्या भागावर खाज सुटते, चट्टे उठतात. पण फक्त केसांच्या मुळाशी, सुट्या सुट्या, उशिरा आलेल्या पुळ्या दिसल्या तर आधी विचारावं की वॅक्सनंतर त्या दिवशी काय काय केलं. तेल, वाफ, कढत पाण्याची अंघोळ, घट्ट लेगिंग्ज, जिम, पोहणं. यांतलं काही ना काही निघतंच.

"पण रिकानंतर पार्लरमध्येही तेल लावतातच की," हा प्रश्न रास्त आहे. तिथे तेल चिकटा काढण्यासाठी असतं. बोळ्याने मिनिटभर फिरवायचं आणि टिश्यूने टिपून घ्यायचं. घासणं नाही, उष्णता नाही, जिरवणं नाही. फरक तेल असण्या-नसण्याचा नाही, चोळण्याचा आहे. शिवाय मालिशच्या तेलात सुवास असतात. लॅव्हेंडर, पुदिना, नीलगिरी ही धड कातडीवर सुखद वाटणारी तेलं सोललेल्या कातडीवर चुरचुरतात. अंगदुखीच्या तेलात कापूर, मेंथॉल किंवा गंधपुरा असतो. ते वॅक्स केलेल्या पोटरीवर लागलं तर बाई बेडवरून उठून बसते. संत्र-लिंबू वर्गातल्या काही तेलांनी, त्यातही बर्गमोटने, उन्हात गेल्यावर काळे डाग पडू शकतात, म्हणून ते वॅक्सच्या दिवशी कुठेच नको.

एवढं सगळं असलं तरी या दोन गोष्टी एका भेटीत बसतच नाहीत असं मला मुळीच वाटत नाही. एकत्र करायची इच्छाही खरी आहे आणि तिला कारण आहे. केस नसलेल्या पायावर हात सलग फिरतो, कमी तेल लागतं, केस ओढले जात नाहीत. युरोपातले व्यावसायिक सायकलपटू पायाचे केस काढतात त्याच्या कारणांमध्ये रोजची मालिश हे एक मोठं कारण आहे. पडून खरचटलं तर जखम साफ करणं सोपं, हे दुसरं. फक्त ते शर्यतीच्या दिवशी वॅक्स करून तासाभरात मालिशला बसत नाहीत.

एकाच बैठकीत करायचं तर शरीराचे दोन भाग मनात आखून घ्यायचे. वॅक्सचा भाग वेगळा, तेलाचा वेगळा, आणि त्या दिवशी दोघांची गाठ पडू द्यायची नाही. हात, पाय, काखा वॅक्सला दिले तर डोकं, मान, खांदे, पाठ आणि तळपाय मालिशला. माणसाला थकवा जिथे जाणवतो तो भाग नेमका हाच असतो. दिवसभर संगणकासमोर बसून किंवा ओट्यासमोर उभं राहून मान आणि कंबर धरलेली असते, दंडाला आणि नडगीला मालिश नाही मिळाली तर फारसं बिघडत नाही. पाठ वॅक्स करायची असेल तर मात्र त्या दिवशी पाठीची मालिश नाही. पुरुष ग्राहकांत ही अडचण हमखास येते, कारण त्यांना वॅक्सही पाठीलाच हवं असतं आणि मालिशही पाठीलाच. तिथे दोन वेगळे दिवस, दुसरा उपाय नाही.

क्रम असा. घरून येताना साबणाने अंघोळ, त्यानंतर अंगाला लोशन, क्रीम, तेल काहीही नाही. केस साधारण 5 ते 6 मिलिमीटर वाढलेले हवेत. त्याहून आखूड असले तर वॅक्सला धरायला काही नसतं, फार लांब असले तर गुंततात आणि ओढ जास्त लागते, ते आधी कापून घ्यावेत. पोट रिकामंही नको, तुडुंब भरलेलंही नको. बेडवर आल्यावर वॅक्सचा भाग पुसून कोरडा करायचा, पावडर अगदी हलकी. पावडर फार झाली तर वॅक्स कातडीऐवजी पावडरलाच चिकटतं आणि गोळे होतात. वॅक्स मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं, आणि ते करणाऱ्या बाईच्या मनगटावर पाहून भागत नाही, ग्राहकाच्याही. केसाच्या दिशेने पातळ थर, पट्टी घट्ट दाबून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून, केसाच्या उलट्या दिशेने एका झटक्यात ओढायची. पट्टी वर आकाशाकडे उचलायची नाही, त्वचेला लागूनच मागे दुमडत न्यायची. वर उचललेल्या पट्टीने केस तुटतात आणि डाग उठतात. ओढल्या ओढल्या तळहात त्या जागेवर दाबून धरायचा, वेदनेची धार तिथेच उतरते. काखेत केस दोन-तीन दिशांनी वाढतात, म्हणून तिथे एकच मोठी पट्टी लावणं हा निव्वळ आळस आहे, छोटे छोटे तुकडे करावेत. काखा शेवटी.

वॅक्स संपलं की थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ सुती कापड दहा मिनिटं. बर्फ थेट लावायचा नाही. त्यावर बिनवासाची कोरफड जेल, पातळ. मग बेडवरची चादर बदलायची. ही गोष्ट जवळपास कुठेच होत नाही आणि तिचा फरक फार पडतो. वॅक्सचे कण, ओढलेले केस, पावडर, रक्ताचे ठिपके अंगाखाली ठेवून त्याच चादरीवर पालथं झोपवलं की मालिशच्या प्रत्येक दाबासरशी ताज्या पोटऱ्या आणि मांड्या त्यावर घासतात. पोटऱ्यांखाली मऊ धुतलेलं सुती कापड घालावं, घोट्याखाली छोटी उशी द्यावी म्हणजे पायावर भार येत नाही. हात कोपरापर्यंत धुतलेले हवेत. बिनवासाचं तेल, आणि तेही आधी तळहातावर घेऊन. बाटली उलटी करून पाठीवर धार धरली की ती कडेने काखेत उतरते. डोक्याची चंपी शेवटी, आणि मानेभोवती टॉवेल गुंडाळून. भुवया किंवा वरच्या ओठाचं थ्रेडिंग करायचं असेल तर ते चंपीच्या आधी उरकावं, तेलकट कपाळावर दोरा सरकतो, केस तुटतो. मालिश झाल्यावर पाच मिनिटं कुशीवर पडून मग उठावं. आधी वॅक्सचा ताण, मग एकदम शिथिल, मग झटकन उभं राहणं, अशा वेळी घेरी येणाऱ्या बायका पुष्कळ.

आणि हो, मालिश आधी करायची असेल तर ती कोरडी असावी. अंगावर कपडे ठेवून, बिनतेलाची, दाब आणि ताण देणारी मालिश वॅक्सच्या आधी अगदी चालते. त्या नवरीला खांदे आणि मान दाबून दिली असती, पंधरा मिनिटं, सलवार-कमीज अंगावर ठेवून, तर तिला हवं ते मिळालं असतं आणि पट्ट्याही नीट निघाल्या असत्या. तेलाची मालिश होऊनच गेली असेल तर टॉवेलने पुसून आणि पावडर टाकून भागणार नाही. डाळीचं पीठ लावून चोळून काढावं, मग साबणाने धुवावं, खोबरेल किंवा तिळाचं तेल असेल तर दोनदा, आणि अंग थंड होऊ द्यावं. मग टिश्यू पेपर घडी न करता हातावर दाबून धरायचा आणि उजेडात पाहायचा. पारदर्शक डाग दिसला तर तेल अजून आहे, वॅक्स उद्या. हा डाग खोटं बोलत नाही, ग्राहकाला दाखवला की वादही होत नाही.

काही जणींना त्या दिवशी दोन्हीही नको. ज्यांच्या पायांच्या शिरा फुगून वर आल्या आहेत त्यांच्या त्या भागावर ना वॅक्स, ना जोराची मालिश. एकच पाय सुजलेला, गरम आणि दुखरा असेल तर चोळायचं नाही, सरळ डॉक्टर. रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळणं धोक्याचं ठरतं. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग वॅक्स भाजतंय हे कळतच नाही आणि जखमही लवकर भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काळेनिळे डाग सहज पडतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असतील तर गोळी बंद केल्यावर किमान सहा महिने वॅक्स नको, कातडी पट्टीबरोबर येते. रेटिनॉलचं क्रीम जिथे लावतात तिथे निदान आठवडाभर आधी बंद. आणि 'गोरं' करणारं म्हणून मैत्रिणीने सुचवलेलं, औषधाच्या दुकानातून थेट आणलेलं क्रीम कोणी लावत असेल तर ट्यूबवरचा मजकूर वाचावाच. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि त्याने कातडी पातळ झालेली असते. हे प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. संकोच वाटतो म्हणून विचारत नाहीत, आणि वरच्या ओठाची साल निघाल्यावर लग्नाच्या फोटोपर्यंत ती दिसत राहते.

नवरीचं वेळापत्रक मात्र एका दुपारीत कोंबूच नये, याबद्दल मी ठाम आहे. रविवारी लग्न, शनिवारी हळद, शुक्रवारी मेंदी धरा. अंगभर तेलाची मालिश मंगळवारी संध्याकाळी, तिच्यानंतर साबणाने अंघोळ. बुधवारी सकाळी पुन्हा अंघोळ, अंग कोरडं, दुपारी वॅक्सिंग. गुरुवार पूर्ण मोकळा, सैल सुती कपडे, अंगाला काही नाही. शुक्रवारी मेंदी स्वच्छ, शांत कातडीवर रंगते. वॅक्स मेंदीच्या नंतर केलं तर पट्टीबरोबर वरचा रंगलेला थर निघतो आणि नक्षी फिकी पडते. तेलाचा हात लागलेल्या तळव्यावर मेंदी नीट चढतच नाही, आणि मेंदीत बऱ्याचदा नीलगिरीचं तेल असतं, ते त्याच दिवशी वॅक्स केलेल्या मनगटावर चांगलंच झोंबतं. शनिवारी हळद लागेपर्यंत केसांच्या नळ्या मिटलेल्या असतात. उटणं, स्क्रब, बॉडी पॉलिशिंग हे सोमवारी, म्हणजे मालिशच्याही आधी. पाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कातडी जास्त हळवी असते, तारीख तिथे येत असेल तर बुधवारचं वॅक्स एक-दोन दिवस आधी घ्यावं आणि मालिशही तितकेच दिवस आधी. नवीन प्रकारचं वॅक्स या आठवड्यात पहिल्यांदा करून पाहू नये. ते महिनाभर आधी, एका हातावर.

बेडच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईचाही विचार व्हायला हवा. वॅक्सिंगमध्ये तिचं मनगट झटके देतं, मालिशमध्ये अंगठ्याच्या मुळाशी भार येतो. तास-सव्वा तास पट्ट्या ओढून लगेच तासभर पाठ दाबायला लावली की शेवटची वीस मिनिटं तिच्या हातात जोर राहत नाही आणि ग्राहकाला वाटतं, हिने उरकलं. मधे थांबायला हवं हे तिला कळतं. पण रेट कार्डावर वॅक्सिंगचे पैसे असतात, मालिशचे असतात, त्या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांचे कुठेच नसतात. बाहेर बाकावर पुढची ग्राहक घड्याळ बघत असते. क्रम चुकतो, चादर बदलली जात नाही, गार कापड ठेवलं जात नाही, त्या सगळ्याच्या मुळाशी अज्ञान कमी आणि ही न मोजलेली वीस मिनिटं जास्त असतात. म्हणून फोनवर वेळ ठरवताना दोन्हींच्या बेरजेवर अर्धा तास जास्तीचा मागून घ्यावा, आणि त्याचे पैसे विचारले तर द्यावेत. त्या वेळात भुवया होतात, हाताची नखं कापून-घासून होतात, पॉलिश मात्र मालिशनंतर, कोरडं व्हायला वेळ मिळेल तेव्हा. ताईंना पाणी पिऊन, हात धुऊन, अंगठे मोकळे करून यायला तेवढा अवधी पुरतो.